आखी वायर

रामभाऊंनी सकाळपासून तिसऱ्यांदा अंगण झाडायला घेतलं, तेव्हा पुतळाबाईंनी त्यांच्या हातातला खराटा काढून घेतला.

"अवो, माती तरी ऱ्हाऊ द्या जरा," त्या म्हणाल्या. "पोरीची परीक्षा हाय, तुमची नाय."

पुतळाबाईंना काय ठाऊक! परीक्षा दोघांचीही होती. पोरीची साडेअकराला सुरू होणार होती आणि बापाची साडेनवालाच सुरू झाली होती. साडेनवाला मधल्या खोलीतून पौर्णिमा ओरडली होती, "आबा, नेट गेलं!" आणि रामभाऊ चहाचा कप तसाच ठेवून उठले होते. पाच मिनिटांनी नेट आपणहून आलं, दहा मिनिटांनी पुन्हा गेलं, आणि तेव्हापासून म्हातारा एका जागी बसला असेल तर शपथ. घरात जायचं, दिवा बघायचा, बाहेर यायचं, खराटा घ्यायचा.

घर लोधिवलीत, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. पुढे पडवी, मग मधली खोली, मागे स्वयंपाकघर. इंटरनेटची काळी बारीक वायर रस्त्यावरच्या खांबावरून येऊन पडवीतल्या मोडेममध्ये शिरायची. तिथून दुसरी, करड्या रंगाची वायर दाराच्या चौकटीशेजारून मधल्या खोलीत जायची, ती राउटरला. राउटर हवेतून नेट वाटायचा. मोडेम आणायचा, राउटर वाटायचा आणि मधली करडी वायर पोचवायची, असा हा सरळ संसार होता.

पौर्णिमा अडतीस वर्षांची, खोपोलीच्या एका कॉलेजात शिकवायची. सात वर्षं तिची पीएच.डी. चालली होती. दगडखाणीत खडी फोडणाऱ्या बायका कामावर जी गाणी म्हणत त्यांच्यावर. ती गाणी गोळा करायला ती सुट्टीसुट्टीत चौकपासून खोपोलीपर्यंत हिंडली होती, आणि पहिली अकरा गाणी तर तिला घरातच मिळाली होती, कारण पुतळाबाईंची आई जन्मभर खडीच फोडत होती. आज शेवटची तोंडी परीक्षा, तीसुद्धा कॉम्प्युटरवर. बाहेरचे परीक्षक नागपूरला होते आणि परवाच ते सहा महिन्यांसाठी परदेशी जाणार होते. पौर्णिमाच्या नावनोंदणीची मुदत तीस तारखेला संपत होती. विद्यापीठाचं पत्र स्पष्ट होतं. परीक्षा चालू असताना दोनदा संपर्क तुटला तर परीक्षा रद्द, नवी तारीख कळवण्यात येईल. "आणि विद्यापीठाची नवी तारीख म्हणजे पुढचा जन्म," असं तिच्या गाईड बाईंनी फोनवर हसत हसत सांगितलं होतं. पौर्णिमा हसली नव्हती.

हे सगळं रामभाऊंना ठाऊक होतं. आणि आणखी एक गोष्ट त्यांना एकट्यालाच ठाऊक होती.

झालं होतं असं. काल सकाळी पौर्णिमाने लॅपटॉप लावून आपण कशा दिसतो ते पाहिलं आणि म्हणाली, "आबा, माझ्या मागे वायरींचं काय जंजाळ दिसतंय बघा. परीक्षकांना वाटेल मी दुकानातच बसलेय." एवढं बोलून ती कॉलेजला गेली. म्हातारा भिंतीकडे बघत बसला. करडी वायर गरजेपेक्षा पंधरा फूट लांब होती आणि तिचं वेटोळं खिळ्याला लोंबत होतं. चौतीस वर्षं वीजखात्यात लाईनमन म्हणून काढलेल्या माणसाच्या घरात लोंबती वायर! शिंप्याने उसवल्या बाहीचा सदरा घालून लग्नाला जावं तशातली गत.

मग त्यांनी पेटी काढली. पक्कड, कटर, काळी चिकटपट्टी. फाजील वायर कापून टाकली. आत बघतात तो केसासारख्या आठ तारा, रंगीबेरंगी. "बरं झालं, चुकाया नको," असं म्हणत त्यांनी चष्मा वर-खाली करत रंगाला रंग जोडला, प्रत्येक तारेला वेगळी पट्टी गुंडाळली आणि सगळं पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीत बसवून पट्टी चौकटीशेजारी स्क्रूने आवळली. राउटर लावला. दिवा हिरवा झाला. रामभाऊंनी मिशीवरून हात फिरवला.

संध्याकाळी पौर्णिमा आली आणि भिंत बघून हरखलीच. "आबा, काय सुंदर दिसतंय! एवढी मोठी वायर आत बसवलीत कशी?"

"बसवली," रामभाऊ म्हणाले.

कापली म्हणाले नाहीत. त्याला कारण होतं. राउटरवर पौर्णिमाने ठळक अक्षरांत लिहून एक कागद चिकटवला होता, "आबांनी हात लावू नये." दोन महिन्यांपूर्वी रामभाऊंनी राउटर ओल्या फडक्याने स्वच्छ पुसला होता, त्याची ती आठवण. ज्या माणसाच्या हाताने अर्ध्या खालापूर तालुक्यात लाइट आली, त्या हाताला घरातल्या टीचभर डबीची बंदी! ते त्यांना लागलं होतं. एकदा तरी पोरीच्या तोंडून शाबासकी आली, तर त्यात कटरची भानगड कशाला काढा? झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता ती मूठ उघडायची वेळ आली होती आणि बोटं हलत नव्हती.

पावणेदहाला पौर्णिमाने सुमितला फोन लावला. सुमित हा चौकचा पोरगेलासा दिसणारा पण दोन मुलांचा बाप. आसपासच्या गावांत नेटची जोडणी तोच द्यायचा. सकाळपासून तो कशेळ्याला खांबावर होता, तिकडे कुणाच्या डंपरने केबल तोडली होती.

"जयभीम ताई. तीनशिवाय नाय येता येणार बगा," वरूनच तो म्हणाला. "फोनवर करू आपण. काका हायत का जवळ? मोडेमपाशी हुबं करा त्यांना."

पौर्णिमाने फोन स्पीकरवर टाकला. रामभाऊ मोडेमपाशी उभे राहिले.

"काका, लाइट हाय का?"

"लाइट हाय की! पंखा फिरतोय."

"घरातली नाय वो, मोडेमवरची! लाल लाइट लागलीय का?"

"मग तसं बोल ना. लाल नाय. हिरव्या हायत दोन. तिसरी लागतीया नि जातीया."

"लाल नाय म्हंजे बाहेरनं नेट येतंय. तिसरी कुठली? खाली लॅन लिवलंय ती?"

"तीच."

"मग राउटरपर्यंत पोचत नाय. दोनी बंद करा. आधी मोडेम चालू करा, दोन मिंटं थांबा, मग राउटर. घाई नाय करायची."

दोन मिनिटं. पौर्णिमा नखं कुरतडत घड्याळ बघत होती. रामभाऊ चौकटीशेजारच्या पांढऱ्या पट्टीकडे न बघण्याची शिकस्त करत होते, आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्यांना वाटत होतं की सगळं घर त्या पट्टीकडेच बघतंय. राउटर लागला. हिरवा झाला. पौर्णिमाने सुटकेचा श्वास टाकला. एवढ्यात पुतळाबाई चहाचे कप घेऊन स्वयंपाकघरातून पडवीकडे निघाल्या, मधलं दार त्यांनी कोपराने ढकललं, ते चौकटीवर आपटलं आणि दिवा लाल झाला.

"गेलं," पौर्णिमा म्हणाली.

"मी आले की जातंय तुमचं नेट," पुतळाबाई म्हणाल्या. "सकाळधरनं बगतेय मी. दारातनं गेले की जातंय."

"आई, तू काय भूत आहेस का?" पौर्णिमा चिडूनसुद्धा हसली. फोनमध्ये सुमितही हसला. हसले नाहीत फक्त रामभाऊ. बायको शहाणी आहे हे चाळीस वर्षांत त्यांना पुष्कळदा कळलं होतं, पण इतकं नको तेव्हा कधीच कळलं नव्हतं.

मोबाईलचं नेट वापरून बघितलं. लोधिवलीत त्या घराला बोलण्यापुरती रेंज यायची, चित्रापुरती नाही. गाईड बाईंचा चेहरा अर्धा डोळा मिटलेला असा थिजून राहिला. शेजारच्या घरी नेट नव्हतं. गाडी करून खोपोलीला कॉलेजात जावं तर आज सुट्टी, चावी शिपायाकडे, शिपाई गावी. घड्याळात साडेदहा झाले. पौर्णिमाने कागदांचा गठ्ठा तिसऱ्यांदा लावला आणि चौथ्यांदा विस्कटला. रामभाऊ मागच्या दाराने परसात गेले, पुढच्या दाराने आले, पुन्हा परसात गेले.

सांगावं. आत्ता सांगावं. काय होईल? पोरगी ओरडेल. ओरडू दे. पण नंतर त्यांना वाटे, आपला जोड सुटायचा कसा? चौतीस वर्षांत आपला जोड सुटला नाही. हे वाक्य त्यांच्या मनात आलं की ते तिथल्या तिथे थांबत, कारण ते खरं नव्हतं.

दहा चाळीसला सुमितचा पुन्हा फोन आला. त्याने करड्या वायरचं टोक मोडेमच्या दुसऱ्या भोकात घालायला सांगितलं. घातलं. तेच. राउटरकडचं टोक काढून पुन्हा बसवायला सांगितलं. टक् आवाज आला पाहिजे म्हणाला. टक् आवाज आला. दिवा आला, गेला.

"ताई, एक सांगा," सुमित म्हणाला. "मधली वायर आखी हाय ना? कुठं जोड-बीड नाय ना दिलेला?"

"छे, आखी आहे," पौर्णिमा ठामपणे म्हणाली. "तुम्हीच तर टाकलीत. आबांनी काल फक्त पट्टीत बसवली. हो ना आबा?"

रामभाऊंच्या कानात दुसराच आवाज घुमला. खांबावरून येणारा, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा. "रामा, वायर आखी हाय ना रं?"

चांगो होता तो. कोंडाण्याचा, त्यांचा हेल्पर. कशेळ्याच्या वर डोंगरातल्या एका वाडीची लाईन वादळाने तुटली होती. साहेबांचा हुकूम होता की तुटकी वायर काढून नवी ओढा, जोड देऊ नका. पण नवी वायर आली नव्हती आणि वाडी चार दिवस अंधारात होती. संध्याकाळ होत आलेली, रामभाऊंनी खाली गवतात बसून घाईघाईने जोड दिला आणि उद्या चांगोला सांगू म्हणून घरी गेले. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः हजर. चांगो खांबावर चढला, वायर ताणायला यंत्र लावलं आणि ताणण्याआधी त्याने वरून विचारलं. साहेब शेजारी उभे होते. रामभाऊ म्हणाले, "हाय, आखी हाय."

जोड सुटला. वायर चाबकासारखी मागे आली आणि चांगोच्या उजव्या हाताची दोन बोटं घेऊन गेली.

चौकशी झाली. वायर जुनी होती असा शेरा पडला. चांगोला पुन्हा खांबावर चढता आलं नाही, निवृत्त होईपर्यंत त्याने बिलं वाटली. आणि त्यानंतर खात्यात जो जो नवा माणूस आला त्याला रामभाऊ पहिल्या दिवशी एकच धडा द्यायचे, "जोड दिला तर सांगायचा. जोड देणं पाप नाय, लपवणं पाप हाय. फुडचा माणूस तुझ्या शब्दावर हात घालतोय." पोरं म्हणायची, रामभाऊ म्हणजे देवमाणूस. देवमाणूस मान खाली घालून बिडी पेटवायचा. चांगो दर बुद्धपौर्णिमेला खीर खायला लोधिवलीला यायचा, तीन बोटांनी वाटी धरायचा, आणि रामभाऊ त्या वेळी हटकून पाणी आणायला उठायचे.

"आबा?" पौर्णिमा म्हणाली. "वायर आखी आहे ना?"

शेजारी साहेब नव्हते. पोटची पोर होती. तरीही रामभाऊंच्या तोंडून तेच आलं.

"हाय."

"मग राउटरचं भोक गेलं आसंल नायतर त्याचं आतलं काय तरी अडकलंय," सुमित म्हणाला. "ताई, शेवटचा उपाय सांगतो. राउटरच्या मागं बारीक छिद्र हाय, त्यात पिन घालून धा आकडे मोजायचे. त्यानं सगळं पुसून कोरं होतंय. पण बगा, तुमचं नाव-पासवर्ड पण पुसलं जाणार. ते आमच्या हापिसातल्या वहीत हाय, नि हापिसची चावी माज्याकडं. कोरं केल्यावर आपोआप लागलं तर लागलं, नायतर मी येईस्तवर काय नाय. मी म्हणीन, नका करू. पण तुमाला दुसरा रस्ता नाय."

पौर्णिमाने घड्याळाकडे बघितलं. दहा पन्नास.

"आई, सेफ्टी पिन दे."

पुतळाबाईंनी पदराची पिन काढून दिली. पौर्णिमाने ती उघडली, राउटर भिंतीवरून उतरवून पालथा हातात घेतला आणि छिद्र शोधायला लागली. पिनेचा हात छिद्राशी गेला. उजवा हात. रामभाऊंना तिची पाचही बोटं एकदम दिसली.

"थांब!" ते ओरडले. "हात काढ! काढ हात!"

असा आवाज त्या घरात कुणी ऐकलाच नव्हता. खांबाखाली उभं राहून वरच्या माणसाला द्यायचा आवाज होता तो, आणि तो अठ्ठावीस वर्षं उशिरा आला होता. पौर्णिमाच्या हातून पिन पडली.

"जोड हाय," रामभाऊ म्हणाले. "वायर आखी नाय. मी कापली काल. मी जोड दिलाय. या पट्टीत हाय."

फोनमधून कशेळ्याच्या रस्त्यावरचा जीपचा हॉर्न तेवढा ऐकू आला.

"आत्ता विचारलं तेव्हा..." पौर्णिमाने राउटर खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले, रागाने की कशाने ते तिलाही कळलं नसावं. "आबा, सात वर्षं आहेत माझी. सात! आणि तुम्ही माझ्या तोंडावर 'हाय' म्हणालात?"

"व्हय," रामभाऊ म्हणाले. "म्हणालो."

त्यांना खूप लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठेतरी मोकळंही वाटलं. त्यांनी बाकी काही केलं नाही, स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि पट्टी उकलायला घेतली. स्क्रू निघेनात तेव्हा पट्टी सरळ ओढली. भिंतीचा रंग पोपड्यासकट निघाला. आत जोड होता. दार आपटलं की चौकट हलायची, चौकटीबरोबर पट्टी, आणि पट्टीबरोबर त्या केसासारख्या तारा. दोन तारा पिळातून निसटून नुसत्याच एकमेकींना टेकल्या होत्या.

"काका," सुमितचा आवाज आला, आणि त्यात राग नव्हता, नवल होतं. "आठ तारांना जोड दिला? नि रातभर चालला? आवो, तारांना जोडीजोडीनं पीळ असतो, तो सोडवला की संपलं. आमाला नाय जमायचं हे! बरं, ऐका. राउटरच्या खोक्यात एक हातभर पिवळी वायर येतीया. ती कुणी वापरत नाय. खोकं हाय का?"

"खोकं!" पौर्णिमा म्हणाली. "आई, राउटरचं खोकं?"

"त्यात मी मेणबत्त्या ठेवल्यात," पुतळाबाई म्हणाल्या, आणि वंदनेच्या कपाटाकडे धावल्या. खोकं आलं. मेणबत्त्यांची तीन पाकिटं, अगरबत्तीचा पुडा, काडेपेटी, आणि सगळ्यात खाली, अजून पिशवीतच, पिवळी वायर. हातभरच. पण आखी.

मग फार बोलणं झालं नाही. हातभर वायर मधल्या खोलीत पोचणार नव्हती, म्हणून राउटरच पडवीत मोडेमशेजारी आणला. आधी मोडेम. दोन मिनिटं. ही दोन मिनिटं पुतळाबाई दारापासून लांब, हात जोडून उभ्या होत्या, न जाणो. मग राउटर. दिवा लाल, दिवा नारिंगी, आणि दिवा हिरवा. पौर्णिमाने मुद्दाम दार आपटून बघितलं. हिरवाच. पुन्हा आपटलं. हिरवाच.

"ऱ्हातंय," सुमित म्हणाला. "चला, मी चढतो वर. ताई, पेढे लोधिवलीचे नकोत, कर्जतचे पायजेत."

अकरा वीस झाले होते. पडवीतच टेबल लागलं. मागे भिंतीला रामभाऊंचा जुना कातडी कमरपट्टा टांगलेला, खांबावर चढताना बांधायचा. रामभाऊ तो काढायला गेले.

"राहू दे," पौर्णिमा म्हणाली. ती केस नीट करत होती, त्यांच्याकडे बघत नव्हती. "भिंतीचं पुरे झालं आता. तुम्ही बाहेर थांबा आबा. फाटकातून कुणाला आत सोडू नका." मग ती म्हणाली, "ओरडलात ते बरं झालं."

रामभाऊ फाटकाशी उभे राहिले. आतून पौर्णिमाचा आवाज येत होता. आधी बारीक, अडखळता, मग हळूहळू ठाम. ती कुठलंसं गाणं म्हणून दाखवत होती, सासूचं, रामभाऊंच्या सासूचं, हातोडीच्या ठोक्यावरचं. नागपूरचा माणूस काहीतरी विचारत होता. तुटत नव्हतं. वीस मिनिटं झाली, तास झाला, तुटलं नाही. खरं म्हणजे आता माणसाने निवांत व्हावं. पण रामभाऊंचे पाय काही ठरेनात. एक जोड सांगून झाला होता आणि दुसरा आता गप्प बसू देत नव्हता.

त्यांनी समोरच्या पोराला फाटकाशी उभं केलं नाही की शेजाऱ्याला हाक मारली नाही. बाहेर येऊन फाटकावरून हात घालून आतली कडी लावली, ती नीट बसली का बघितली, आणि ते मोठ्या रस्त्यावर आले. तिथे विजेच्या खांबापाशी रेंज चांगली येते. त्यांनी चांगोला फोन लावला.

"कोण? रामा?" चांगोचा आवाज डोंगराच्या पोटातून आल्यासारखा येत होता. "बोल रं! पोरीची परीक्षा आज ना?"

"चांगो, एक सांगायचं हाय."

"काय? ऐकाया नाय येत! मोठ्यानं बोल!"

समोरून कंटेनर गेला. रामभाऊंनी दुसऱ्या कानावर हात दाबला. "त्या टायमाची गोष्ट! वाडीच्या लाईनची! तुजी बोटं गेली त्या टायमाची!"

"आं?"

"त्या वायरला जोड व्हता!" रामभाऊ भर रस्त्यात ओरडले. अठ्ठावीस वर्षं जे उशीलाही सांगितलं नव्हतं ते आता टपरीवरची माणसं वळून ऐकत होती. "जोड मी दिला व्हता! तू वरनं इच्यारलंस, नि मी आखी हाय म्हणालो! खोटं बोललो मी, चांगो!"

रामभाऊंना वाटलं फोन तुटला. त्यांनी तो कानापासून काढून बघितला. चालू होता.

"ठावं हाय मला," चांगो म्हणाला. आता त्याचा आवाज अगदी स्वच्छ येत होता. तो घरातून अंगणात आला असावा. "अरं, जोडाचं आर्धं टोक माज्याच हातात ऱ्हायलं व्हतं. शेवटचा पीळ उलटा. आख्ख्या तालुक्यात उलटा पीळ कोण देत व्हता?"

रामभाऊंनी आपल्याच हाताकडे बघितलं. काल केसासारख्या आठ तारांनासुद्धा त्यांनी शेवटचा पीळ उलटाच दिला होता. हात विसरत नाही.

"मग बोलला का नायस? चौकशीत? येवढी वर्सं?"

"तुजी नोकरी गेली आसती. पोरगी धा वर्साची व्हती. राग व्हता रं. नव्हता आसं नाय. दर वर्साला खिरीला येत व्हतो ते काय खिरीसाटी? वाटायचं, या साली बोलंल. मी वाटी धरली की तू पाण्याला उठायचास."

रामभाऊ रडत होते. रस्त्यावर, उभ्याने, दिवसाढवळ्या, आणि कुणी बघतंय याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

"चांगो, चुकलो मी."

"व्हय. चुकलास," चांगो म्हणाला. तो "जाऊ दे" म्हणाला नाही, आणि त्याबद्दल रामभाऊंना त्याचे पाय धरावेसे वाटले.

इतक्यात गल्लीच्या तोंडाशी पुतळाबाई दिसल्या. अनवाणी पळत होत्या, हातात मेणबत्त्यांचं खोकं तसंच. "अवो! झाली! डॉक्टर झाली आपली पोर! कुटं जाऊन बसलाय तुमी, कडी घालून!"

"कोण वरडतंय?" चांगोने विचारलं.

"पुतळा. पास झाली पौर्णिमा."

"झाली? आं? नीट झालं सगळं? ते तुमचं नेट-बीट?"

"सकाळी तुटत व्हतं. मधल्या वायरला जोड व्हता. मीच दिलेला."

चांगो इतक्या मोठ्याने हसला की पुतळाबाईंनाही ऐकू गेलं.

"नि आता?" त्याने वरून विचारावं तसं विचारलं. "आता वायर आखी हाय ना रं, रामा?"

"हाय," रामभाऊ म्हणाले. "आखी हाय."